सुरुवातीचे आठ बार कोणाचे?

मला विचारलेले प्रश्न तीन आहेत आणि तिन्ही एकमेकांत अडकलेले आहेत. प्रोकोल हारम या इंग्रज रॉक बँडचं ‘अ व्हाइटर शेड ऑफ पेल’ हे एकच गाणं लोकांना का आठवतं? ते बाख या जुन्या जर्मन संगीतकाराकडून उचललेलं आहे हे खरं का? आणि त्यातला ऑर्गन वाजवणाऱ्याला जवळपास चाळीस वर्षांनी न्यायालयाने रचनेत वाटा दिला तो कोणत्या हिशेबाने, कारण तो तर ‘नुसता वाजवत’ होता?

मी पंचवीसहून जास्त वर्षं कीबोर्ड वाजवतोय. स्टेजवर आणि रेकॉर्डिंगला, बहुतेक वेळा दुसऱ्यांच्या गाण्यांवर. त्यामुळे तिसऱ्या प्रश्नातला तो ‘नुसता’ मला जरा टोचला. उत्तर लांबणार आहे.

आधी गाणं. 1967 च्या एप्रिलमध्ये लंडनच्या ऑलिम्पिक स्टुडिओत ते रेकॉर्ड झालं, निर्माता डेनी कॉर्डेल. 12 मे रोजी बाजारात आलं, 8 जूनला ब्रिटनच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेलं आणि सहा आठवडे तिथून हललं नाही. अमेरिकेत पाचव्यापर्यंत पोचलं. बँड तेव्हा धड बँडही नव्हता. गॅरी ब्रूकर हा गायक-पियानोवादक आधी साउथएंडच्या ‘पॅरामाउंट्स’ या बँडमध्ये होता. तो मोडल्यावर गाय स्टीव्हन्स या रेकॉर्ड-निर्मात्याने त्याची गाठ कीथ रीड या गीतकाराशी घालून दिली. रीड शब्द लिहून द्यायचा, ब्रूकर पियानोवर बसून चाल लावायचा. माणसं मागाहून गोळा केली. रेकॉर्डवर ड्रम वाजवलेत ते बिल आयडन या जॅझवाल्याने, तो त्या सत्रापुरता बोलावलेला. गिटारवर रे रॉयर होता, त्याला थोड्याच महिन्यांत नारळ मिळाला. आयडननंतर घेतलेल्या ड्रमरचीही तीच गत. त्यांच्या जागी रॉबिन ट्रोवर आणि बी. जे. विल्सन आले. दोघेही जुने पॅरामाउंट्सवाले.

म्हणजे पहा, जगाने ज्या गाण्यावरून बँड ओळखला, ते गाणं त्या बँडचा संच जमायच्या आतच होऊन गेलं होतं. पुढे दहा वर्षं या मंडळींनी जे केलं त्याचा आवाज वेगळा आहे, गिटार जाड आहे, ड्रम मोकळे आहेत. लोक मैफलीला यायचे ते ऑर्गनची ती धून ऐकायला, आणि समोर ट्रोवर गिटार घेऊन उभा. शिवाय ब्रिटनमध्ये त्यांची पहिली एलपी निघाली तेव्हा हे गाणं तिच्यात घातलंच नव्हतं. अमेरिकन आवृत्तीत मात्र होतं. सिंगल, म्हणजे सुट्या गाण्याची रेकॉर्ड, वेगळं आणि एलपी वेगळी असं तिथे तेव्हा सर्रास चालायचं, तरी आजच्या नजरेला हा वेडेपणाच वाटतो. स्वतःच्या सर्वात मोठ्या गाण्यापासून बँड पहिल्या दिवसापासून तुटला तो असा.

‘एकाच गाण्याचा बँड’ हे लेबल आकड्यांवर मात्र टिकत नाही. त्याच वर्षी ‘होमबर्ग’ ब्रिटनमध्ये सहाव्या क्रमांकावर गेलं. 1971 च्या नोव्हेंबरात कॅनडातल्या एडमंटन सिंफनी ऑर्केस्ट्राबरोबर केलेल्या मैफलीतलं ‘कॉन्किस्टाडोर’ पुढल्या वर्षी अमेरिकेत सोळाव्यावर आलं आणि त्या मैफलीची एलपी पाचव्यावर. 1975 मध्ये ‘पँडोराज बॉक्स’ ब्रिटनमध्ये पुन्हा सोळाव्यावर. असा हिशेब कुठल्याही बँडला मिरवायला पुरे. पण लोकांच्या डोक्यातली यादी वेगळी असते. ‘होमबर्ग’ ऐका म्हणजे कळेल. गाणं चांगलं आहे, पण पियानो-ऑर्गनचा तोच साज, तीच संथ चाल, तसेच कोड्यातले शब्द. पहिल्याची सावली त्याच्यावर इतकी दाट पडलीये की ते स्वतंत्र गाणं म्हणून कानात बसतच नाही.

आता वाजवण्याकडे येतो. माझ्या मते तिन्ही प्रश्नांची किल्ली तिथे आहे.

गाणं सी मेजरमध्ये आहे. सी ला ‘सा’ धरा. डाव्या हाताचा बास, म्हणजे खालच्या सुरांची ओळ, असा उतरतो: सा, नी, ध, प, म, ग, रे, सा. मग पंचमावर जाऊन पुन्हा प, म, ग, रे, आणि परत सा वर. ती पंचमावरची उडी सोडली तर पायरी पायरीने, जिना उतरल्यासारखा. वर कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे सूर, बदलत राहतात, पण कानाला जाणवतो तो हा जिना. ज्याने कधी बाजाची पेटी हातात घेतलीये त्याला हे पाच मिनिटांत बसेल. एवढंच वाजवलंत तर ऐकणारा म्हणेल, ‘अरे, हे ओळखीचं वाटतंय.’ कुठलं ते मात्र सांगता येणार नाही, कारण असा उतरता बास शेकड्यांनी आहे. पर्सी स्लेजचं 1966 चं ‘व्हेन अ मॅन लव्ह्ज अ वुमन’ घ्या, तिथेही हाच जिना आहे.

आता उजव्या हाताने तारसप्तकातला गंधार दाबा आणि धरून ठेवा. खाली बास सा वरून नी वर आणि नी वरून ध वर सरकतोय आणि वर गंधार तसाच उभा. एक अक्षर न बदलता त्या एकाच सुराचा अर्थ खालच्या सुरागणिक बदलतो. दोन सेकंदांत समोरचा गाण्याचं नाव सांगतो. गायक अजून तोंडही उघडलेला नसतो.

हाच प्रयोग मी शिकायला येणाऱ्या मुलांवर करतो. आधी फक्त बास आणि कॉर्ड, मग फक्त गायकाची ओळ, मग फक्त ऑर्गनची धून. तिसऱ्या वेळी ज्यांना इंग्रजी गाण्यांत फारसा रस नाही तेही मान डोलावतात. शब्द कोणाला येत नाहीत, आणि येतात त्यांनाही अर्थ लागत नाही. रीडला शीर्षकाचा वाक्प्रयोग एका पार्टीत कानावर पडला होता. एका ओळीत पिठाच्या गिरणीवाल्याचा उल्लेख आहे म्हणून पंडितांनी चॉसर या जुन्या इंग्रज कवीपर्यंत नाळ जोडली. रीडचं म्हणणं, मी चॉसर वाचलाच नव्हता. मुळात चार कडवी होती, रेकॉर्डवर दोनच आली. उरलेल्या जागेत काय आहे? ऑर्गन. सुरुवातीला आठ बार (‘बार’ म्हणजे तालाचं एक आवर्तन, नवख्यांचा गैरसमज नको), मग दोन कडव्यांच्या मध्ये तीच धून, आणि शेवटी आवाज विरत जातो तेव्हाही तीच. चार मिनिटांच्या गाण्यात ती परत परत येते आणि दर वेळी तिचं स्वागत होतं.

बाखचं म्हणाल, तर नातं आहे, चोरी नाही. बाखच्या तिसऱ्या ऑर्केस्ट्रल स्वीटमधला, म्हणजे वाद्यवृंदासाठीच्या रचनामालेतला, दुसरा भाग, ज्याला लोक ‘एअर ऑन द जी स्ट्रिंग’ म्हणून ओळखतात, तोही लांब धरलेल्या गंधारावर उघडतो आणि त्याच्याही खाली बास उतरत जातो. ब्रूकरने स्वतः बाखचा प्रभाव मान्य केलाय. पण दोन्ही शेजारी ठेवून वाजवा. बाखचा बास पायरीगणिक सप्तकाची उडी मारतो, सा वरून वरच्या सा वर, मग वरचा नी, खालचा नी, असा झोका घेत उतरतो. प्रोकोल हारमचा बास सरळ चालतो. वरची धून तर पहिल्या लांब सुरानंतर वेगळ्याच वाटेला लागते. ‘वाखेट आउफ’ या बाखच्याच दुसऱ्या रचनेची छटाही तिच्यात सापडते. उचलेगिरी करणारा सुरावट उचलतो. इथे उचललाय तो मांडणीचा ढंग, आणि ढंगावर कोणाची मालकी नसते. दोन बंदिशी एकाच रागात असल्या की एकीवर चोरीचा आळ घेत नाही आपण. तसंच हे.

ही धून रचली मॅथ्यू फिशरने. शास्त्रीय ऑर्गन त्याला ठाऊक होता आणि त्याच्याकडे स्वतःचा हॅमंड ऑर्गन होता, एम-102, म्हणजे हॅमंडचा लहान, घरगुती बांध्याचा प्रकार. यात बाजाच्या पेटीसारख्या रीड नसतात, पाइपही नसतात. आत लोखंडी चकत्या फिरतात, प्रत्येकीच्या कडेला उंचवटे, आणि शेजारच्या चुंबकाच्या वेटोळ्यात त्या उंचवट्यांमुळे विजेचा सूर उमटतो. कोणता सूर किती मिसळायचा ते ठरवणारे नऊ ड्रॉबार असतात, प्रत्येक 0 ते 8 पर्यंत ओढता येतो. या गाण्यासाठी मी पहिले चारच ओढतो, 6, 8, 8, 6, बाकीचे बंद. आवाज गोल होतो, किनारा फारसा राहत नाही. वर पर्कशन, म्हणजे सुराच्या आरंभीचा ‘टक’ आवाज, चालू.

नवे लोक चुकतात ते या पर्कशनपाशी. हॅमंडमध्ये पर्कशनचा तो ‘टक’ फक्त तेव्हाच वाजतो जेव्हा आधीच्या सगळ्या पट्ट्या सुटलेल्या असतात. सूर जोडून वाजवलात तर पहिल्या सुराला ‘टक’, पुढचे सगळे गुळगुळीत. म्हणजे बोट कधी उचलायचं यावर वाक्याची सुरुवात कुठे हे ठरतं, गायकाने श्वास कुठे घ्यावा तसं. सूर लांबवणारं सस्टेन पेडल या वाद्याला नाही. पियानोवरून आलेली मुलं पायाने पेडल शोधत बसतात आणि सूर तुटत जातात. एक सूर दाबलेला असतानाच त्यावरचं बोट बदलायचं, दुसरं बोट पुढच्यासाठी मोकळं करायचं, ही कसरत केल्याशिवाय ती धून वाहत नाही. आवाजाचा चढउतार उजव्या पायाखालच्या व्हॉल्यूम पेडलवर. आणि लेस्ली, म्हणजे आत भोंगा फिरणारा स्पीकर, तो संथ ठेवायचा. जोरात फिरवलात की गाण्याचं जत्रेतलं चक्र होतं. आजच्या कीबोर्डवर हे सगळं बटणावर मिळतं, पण बोटांचं काम कोणतंही बटण करून देत नाही.

आता न्यायालय.

ब्रूकर आणि रीड यांनी गाण्याचे हक्क 1967 च्या मार्चमध्येच एसेक्स म्युझिक या प्रकाशकाला लिहून दिले होते, ब्रूकरने पियानोवर गायलेल्या टेपवरून. फिशर त्यानंतर बँडमध्ये आला. त्यामुळे रचनाकार म्हणून नावं लागली दोघांचीच. फिशरला वाजवणारा म्हणून रेकॉर्डच्या कमाईतला वाटा मिळे. पण रेडिओवर वाजलं, दुसऱ्या कोणी गायलं, छापलं, की जो पैसा रचनेच्या नावाने येतो त्यातलं त्याला काही नाही. दुसऱ्या कोणी गायलं तरी ऑर्गनची धून त्यात येतेच, हा मुद्दा डोक्यात ठेवा. आपण सुरुवातीलाच विषय काढला होता आणि तो उडवून लावला गेला, पुढे रेटला असता तर बँडमधून बाहेर पडावं लागलं असतं, असं फिशरचं न्यायालयात म्हणणं होतं. तो 1969 मध्ये बाहेर पडला, 1991 मध्ये परत आला, 2004 मध्ये पुन्हा बाहेर पडला आणि 2005 मध्ये त्याने दावा लावला. गाण्याला तोवर 38 वर्षं झाली होती.

डिसेंबर 2006 मध्ये उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती ब्लॅकबर्न यांनी एक साधी पण फार महत्त्वाची फोड केली. पियानोच्या टेपवरचं मूळ गाणं वेगळं आणि रेकॉर्ड झालेली कृती वेगळी. मूळ गाणं ब्रूकर-रीडचं. पण रेकॉर्डवर जी कृती आहे, तिच्यात ऑर्गनची धून हा स्वतंत्र, ओळखता येणारा, कौशल्याने घातलेला भाग आहे. तेव्हा त्या कृतीचा फिशर हा सहरचनाकार. त्याने संगीतातला निम्मा वाटा मागितला होता, मिळाला 40 टक्के. तोही दावा दाखल झाला तिथून पुढचा. मागचे सगळे पैसे गेले ते गेलेच. शब्दांच्या हक्काला कोणी हात लावला नाही.

एप्रिल 2008 मध्ये अपील न्यायालयाने अर्धवट निकाल दिला: सहरचनाकार आहेस हे कबूल, पण इतका उशीर केलास की पैसे नाहीत. म्हणजे जावई म्हणून मान, पण पंगतीला पान नाही. फिशर हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये गेला. 30 जुलै 2009 रोजी पाचही न्यायाधीशांनी एकमताने त्याच्या बाजूने कौल दिला. कॉपीराइटची मालकी सांगायला कायद्याने मुदत घातलेली नाही, आणि उशिरामुळे नुकसान झालं म्हणावं तर ते कोणाचं? एवढी वर्षं पैसे समोरच्यांनाच मिळत होते, उशीर त्यांच्याच पथ्यावर पडला होता. सर्वोच्च अपील न्यायालय म्हणून हाउस ऑफ लॉर्ड्सने निकाल दिले तो हा शेवटचा दिवस. ऑक्टोबरपासून ते काम नव्या सर्वोच्च न्यायालयाकडे गेलं.

हे वाचून प्रत्येक वादकाने वकील गाठावा असं मात्र नाही. माझाच अनुभव सांगतो. बऱ्याच वर्षांपूर्वी एका रेकॉर्डिंगला संगीतकाराने मला सांगितलं, ‘इथे काहीतरी भर, चार बार.’ मी भरले. गाणं चाललं, आणि पुढे कार्यक्रमांत लोक त्याच चार बारांवर टाळ्या देत. मला त्या दिवसाचं ठरलेलं मानधन मिळालं, नाव कुठे नाही. बरीच वर्षं मी मनात कुढत होतो. निकाल वाचल्यावर शांतपणे तपासून पाहिलं तर माझं भरणं म्हणजे संगीतकाराचीच ओळ थोडी वळवून, दोन हरकती घालून वाजवलेली होती. ती काढून टाकली तर गाणं लंगडं झालं नसतं. फिशरची धून काढून पहा. मागे राहतं ते एक बरं, संथ सोल गाणं, ब्रूकरच्या भरड, भरदार आवाजातलं. ऐकायला छान. पण 1977 मध्ये ब्रिटिश रेकॉर्ड उद्योगाने पंचवीस वर्षांतलं सर्वोत्तम ब्रिटिश सिंगल म्हणून क्वीन बँडच्या ‘बोहेमियन ऱ्हाप्सडी’बरोबर ज्याची विभागून निवड केली, ते हे नव्हे.

तेव्हा सजावट कुठे संपते आणि रचना कुठे सुरू होते याला मी वापरतो ती कसोटी एवढीच: ती ओळ दुसऱ्या वाद्यावर, दुसऱ्या वादकाकडून, कितीही वाईट वाजली तरी गाणं ओळखू येतं का? ॲनी लेनॉक्सने 1995 मध्ये हे गाणं आपल्या पद्धतीने गायलं. लग्नांत, चर्चमध्ये, लिफ्टमध्ये ते कसल्या कसल्या वाद्यांवर वाजतं. सगळीकडे तो गंधार येतोच. ब्रिटनमध्ये 2009 मध्ये, त्याच निकालाच्या वर्षी, गेल्या 75 वर्षांत सार्वजनिक ठिकाणी सर्वाधिक वाजलेलं गाणं म्हणून याचंच नाव जाहीर झालं.

ब्रूकरवर अन्याय होऊ नये म्हणून एक सांगायला हवं. ब्रूकरचा जिना नसता तर फिशरचा गंधार कशावर उभा राहिला असता? न्यायालयानेही मोठा वाटा ब्रूकरकडेच ठेवला आणि मला तो योग्य वाटतो. स्वतःच्या चालीत दुसऱ्याने घातलेला सूर लोकांना जास्त आवडतोय हे पचवणं सोपं नसतं, चांगल्या माणसालाही. ब्रूकर फेब्रुवारी 2022 मध्ये गेला, रीड पुढच्या वर्षी मार्चमध्ये. फिशरने मधल्या काळात काही वर्षं कॉम्प्युटर प्रोग्रॅमर म्हणून नोकरीही केली.

या बँडचं दुसरं काय ऐकावं हे कोणी विचारलं नाही, पण सांगतो. 1969 ची ‘अ सॉल्टी डॉग’ ही एलपी घ्या. तिचा निर्माता फिशरच होता, आणि ती झाल्यावर तो बँड सोडून गेला. शीर्षकगीतात वाद्यवृंद आहे आणि पियानोचे ठोके एकसारखे पडत राहतात. विल्सन ड्रम घेऊन केव्हा आत येतो तेवढं ऐका, किती वेळ तो नुसता बसून राहिलाय ते. हेडफोन लावा, फोनच्या स्पीकरवर बास ऐकूच येत नाही.